लुंगीने अडवलेला सारोंग

कळंगुटच्या किनाऱ्यावर मामांनी लुंगी मागितली आणि त्यांना ती मिळाली नाही. विकणाऱ्या बाईच्या हातावर दहा-बारा कापडांची चळत होती. त्यातलं एक निळं, चौकटीचं मामांनी बोटाने दाखवलं. “लुंगी नाही काका, सारोंग आहे,” बाई म्हणाली. मामांनी कापड उलगडलं, काठ पाहिला, बोटांत चुरगळून पाहिलं. रत्नागिरीच्या बाजारात असल्याच कापडाला ते चाळीस वर्षं लुंगी म्हणत आले होते. पण लुंगीचा भाव आणि सारोंगचा भाव यांत जवळजवळ दुपटीचा फरक होता, आणि बाई नाव बदलायला तयार नव्हती. शेवटी मामांनी सारोंग घेतला आणि खोलीवर येऊन लुंगीसारखा नेसला.

दुसऱ्या दिवशी ते तसेच नाश्त्याला उतरले. मामीने डोळे वटारले. पलीकडच्या टेबलावर एक परदेशी बाई तशाच कापडात बसली होती. तिच्याकडे मात्र कुणी वळूनही पाहिलं नाही.

प्रकरण एवढंच आहे. कापड एक, नावं दोन, आणि नावाबरोबर भावही दोन, मानही दोन. मला मात्र त्यात एक वेगळीच गोष्ट खटकली. सारोंग हा शब्द मलेशिया-इंडोनेशियाकडच्या मलय भाषेतला. मलय मुलुख आणि कोकण-गोवा यांच्यात शतकानुशतकं जहाजं ये-जा करत होती. मग हा शब्द गोव्याच्या वाळूवर यायला इतका उशीर का झाला, आणि आला तो मलय खलाशाच्या तोंडून न येता इंग्रजी बोलणाऱ्या पर्यटकाच्या तोंडून का आला?

मुळात खोळ

मलयमध्ये ‘सारुंग’ हा मुळात कपडाच नाही. ज्यात दुसरी वस्तू सरकवायची ते आवरण म्हणजे सारुंग. क्रिस नावाच्या खंजिराचं म्यान ते सारुंग. उशीचा अभ्रा ‘सारुंग बांताल’. हातमोजा ‘सारुंग तांगान’. तांगान म्हणजे हात. साखरपुड्याला मुलीच्या बोटात अंगठी सरकवतात, त्यालाही याच शब्दाचं क्रियापद वापरतात. मराठी या बाबतीत भलतीच चोखंदळ आहे: तलवारीला म्यान, उशीला अभ्रा, गादीला खोळ आणि तंबोऱ्याला गवसणी. मलयने सगळ्यांचं एका शब्दात भागवलं.

नेसायच्या वस्त्राचं पूर्ण नाव ‘काइन सारुंग’. काइन म्हणजे कापड. खोळीसारखं कापड, म्हणजे दोन टोकं एकमेकांना शिवून नळी केलेलं. ही शिवण महत्त्वाची आहे, कारण पुढच्या सगळ्या प्रवासात ती कधी टिकते, कधी सुटते. जावात न शिवलेल्या लांब कापडाला ‘काइन पांजांग’ म्हणतात, म्हणजे शब्दशः लांब कापड. दोन्ही कमरेलाच गुंडाळायची आणि दोन्हींवर बाटिकची नक्षी असू शकते, पण शिवण नसेल तर ते सारुंग नव्हे. बाटिकच्या सारुंगात एक उभा पट्टा बाकीच्या कापडापेक्षा वेगळ्या नक्षीचा असतो. त्याला ‘केपाला’, म्हणजे डोकं म्हणतात, आणि उरलेल्या कापडाला ‘बादान’, म्हणजे धड.

नेसणं अगदी सोपं. नळीत उभं राहायचं, जादा रुंदी एका बाजूला ओढून पुढे घडी घालायची आणि कमरेशी खाली गुंडाळत आणायची. निऱ्या नाहीत, काष्टा नाही, गाठ मारायचीही गरज नाही. रात्री तेच डोक्यापर्यंत ओढून पांघरायचं. गस्तीला जाताना खांद्यावरून तिरकं टाकायचं. तान्ह्या पोरासाठी छताला टांगलं की त्याचाच पाळणा होतो. रमजानच्या रात्री इंडोनेशियातली पोरं सारुंग पिळून त्याने एकमेकांना झोडपतात. त्या खेळाला ‘पेरांग सारुंग’, सारुंगाची लढाई, असं नाव आहे आणि त्यात दुखापती होतात म्हणून पोलीस दरवर्षी ओरडतात.

थॉमस स्टॅमफर्ड रॅफल्स हा १८११ ते १८१६ या काळात जावाचा इंग्रज कारभारी होता. १८१७ मध्ये त्याने जावाच्या इतिहासाचा ग्रंथ काढला. त्यात या वस्त्राचं वर्णन करताना त्याने विल्यम मार्सडेन या सुमात्रा पाहिलेल्या जुन्या लेखकाचेच शब्द उचलले: सहा ते आठ फूट लांब, तीन ते चार फूट रुंद, रंगीत, दोन्ही टोकं शिवलेली, बूड नसलेल्या ऐसपैस पोत्यासारखं. मला या शब्दाचं याहून चांगलं स्पष्टीकरण कुठे सापडलेलं नाही.

आता व्युत्पत्तीची भांडणं. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ मध्ये अँग्लो-इंडियन शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश काढला. त्यात ते ठासून सांगतात की मलय सारुंग हा संस्कृत ‘सारंग’वरून आला. सारंग म्हणजे रंगीबेरंगी, आणि एक प्रकारचं वस्त्रही. क्रॉफर्ड नावाचा त्यांच्या आधीचा अभ्यासक म्यानाच्या अर्थाकडे झुकला होता. त्याला त्यांनी बाजूला सारलं. मी क्रॉफर्डच्या बाजूचा. ज्या भाषेत उशीचा अभ्रा, खंजिराचं म्यान आणि हातमोजा हे सगळं सारुंग आहे, तिथे वस्त्र हा त्यातलाच एक अर्थ मानणं सरळ आहे. रंगीबेरंगी कापडावरून निघून कोऱ्या लाकडी म्यानापर्यंत पोचायचं म्हणजे फारच वळसा घ्यावा लागतो. आपल्याकडे चांगला दिसणारा प्रत्येक शब्द संस्कृतच्या दाराशी नेऊन उभा करायची हौस आहेच. इथे ती दोन इंग्रजांनी पुरवली.

सारंगवरून आठवलं: कोकण किनाऱ्यावर ‘सारंग’ म्हणजे खलाशांचा मुकादम. तो शब्द फारसी ‘सरहंग’वरून आला. रागाचं नाव सारंग, हरणाला सारंग, खलाशांचा म्होरक्या सारंग आणि हा सारुंग. यातला शेवटचा बाकी कुणाच्याच कुळातला नाही. कुणी जोडून दाखवू लागलं तर कपाळाला हात लावावा.

शेजाऱ्यांनी घेतला नाही

शब्दाची सगळ्यात जुनी सफर मला सगळ्यात आवडते. मादागास्करची मलागासी भाषा आफ्रिकेच्या कुशीत असूनही बोर्निओच्या भाषांची सख्खी बहीण आहे. तिचे बोलणारे पूर्वज हजार-दीड हजार वर्षांपूर्वी हिंदी महासागर ओलांडून तिकडे गेले. मलागासीत ‘सारोना’ म्हणजे झाकण, आच्छादन. ‘सारोन-तावा’ म्हणजे चेहऱ्याचं झाकण, मुखवटा. पण कमरेला गुंडाळायच्या कापडाला मलागासी माणूस सारोना म्हणत नाही, ‘लांबा’ म्हणतो. शब्द समुद्रापार गेला तो खोळ म्हणून गेला. वस्त्राचा अर्थ त्याने बरोबर नेला नाही.

आता नकाशावर बोट ठेवून हिंदी महासागराच्या कडेने जाऊ. ब्रह्मदेशात नळीसारखं शिवलेलं वस्त्र पुरुष-बायका दोघंही नेसतात. मलय द्वीपकल्प हाकेच्या अंतरावर, तरी तिथे शब्द चालतो ‘लोंजी’, म्हणजे आपलीच लुंगी. केरळात मुंडू आणि कैली. येमेनमध्ये फूता. सोमालियात मआविस. केनिया-टांझानियाच्या किनाऱ्यावर किकोई. सगळीकडे हे कापड आहे, काही ठिकाणी तर आज ते इंडोनेशियाच्या गिरणीत विणलेलं असतं, पण नाव तिथलं तिथलंच.

यात काही गूढ नाही. ज्या घरात ती वस्तू आधीपासून नांदते आहे, तिथे तिचं नावही नांदत असतं. बाहेरून आलेल्या नावाला टेकायला जागाच नसते. वस्तू नवी असेल तर मात्र नाव बरोबर येतं आणि मुक्काम ठोकतं. याचा पुरावा आपल्याच घरात आहे. काकाकुवा हा पक्षी आपला नव्हे, म्हणून त्याचं ‘काकातुआ’ हे मलय नाव पोर्तुगीज जहाजांवरून आलं आणि मराठीत शेजारच्या काकांसारखं रुळलं. साबुदाण्यातला ‘साबू’ही मलय ‘सागू’शी नातं सांगतो. एकादशीच्या खिचडीत मलय शब्द बसला, पण कमरेला लुंगीच राहिली.

गोव्याचं उदाहरण याहून बोलकं आहे. पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं आणि दुसऱ्याच वर्षी, १५११ मध्ये, तिथूनच आरमार नेऊन मलाक्का जिंकलं. १६४१ मध्ये डचांनी ते हिसकावून घेईपर्यंत, म्हणजे तब्बल १३० वर्षं, मलय जगातलं हे सगळ्यात मोठं बंदर गोव्याच्या हुकमतीखाली होतं. शब्दांची ने-आण व्हायला यापेक्षा मोकळा रस्ता कुठला? आणि शब्द आलेही. नाताळात गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतून तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि काळा गूळ तासन्‌तास घोटून ‘दोदोल’ करतात. जावा-मलायात त्याच पदार्थाला ‘दोदोल’च म्हणतात. पदार्थ आला, नाव आलं. सारुंग मात्र नाही आला. गोव्याच्या पुरुषाकडे पुडवें होतं, लुंगी होती. त्याला नव्या नावाची गरजच नव्हती.

याच पाण्यावर आपला कोळी ‘नाखवा’ होता आणि मलय जहाजाचा मालक ‘नाखोदा’. दोन्ही शब्द फारसी ‘नाखुदा’चे, जहाजाचा धनी या अर्थाचे. म्हणजे माणसं एकमेकांच्या बोलण्यातली होती. कपडा तेवढा प्रत्येकाने आपापल्या नावाने नेसला.

कापड इकडून तिकडे

शब्द इकडे येत नव्हता, तेव्हा कापड मात्र उलट्या दिशेने धडाधड जात होतं. आज मलेशियातला पुरुष घरी किंवा मशिदीत जाताना जो चौकटीचा सुती सारुंग नेसतो त्याला ‘काइन पेलिकात’ म्हणतात. हे पेलिकात म्हणजे पुलिकत, चेन्नईच्या उत्तरेला सरोवराकाठी असलेलं पळवेर्काडू. डचांनी १६१३ मध्ये तिथे गेल्ड्रिया नावाचा किल्ला बांधला आणि कोरोमंडलच्या कापडाचा व्यापार तिथून हाकला. ते कापड विकून मसाले घ्यायचे, असा हिशेब होता. किल्ला पडला, बंदर गाळाने भरलं, पण गावाचं नाव मलय माणसाच्या कमरेला अजून आहे. खुद्द पुलिकतला याची कितपत जाण आहे कोण जाणे.

गंमत पुढेच आहे. हॉब्सन-जॉब्सनमध्येच नोंद आहे की कोरोमंडलच्या लब्बै मुसलमानांमध्ये रंगीत सारोंग नेसायची पद्धत अलीकडची असून ती त्यांनी मलय लोकांकडून उचलली. म्हणजे तमिळ किनाऱ्यावर विणलेलं कापड मलायात गेलं, तिथे शिवून सारुंग झालं, आणि तमिळ व्यापारी ते नेसूनच घरी परतला. याच नोंदीत मलबारचे हिंदू पांढरं, मापिल्ला मुसलमान रंगीत आणि कानडा किनाऱ्यावरचे बंट गडद निळं नेसतात असाही तपशील आहे. मामांच्या निळ्या कापडाचे पूर्वज त्यांत असावेत.

अपवाद, आणि त्यांची कारणं

माझा नियम इथे अडतो. श्रीलंकेत हे वस्त्र आधीपासून होतं, तरी सिंहलीत पुरुषाच्या शिवलेल्या वस्त्राला ‘सरम’ म्हणतात, आणि तो शब्द मलय सारुंगवरूनच आला. दक्षिण टोकाच्या आणि श्रीलंकेच्या तमिळमध्ये लुंगीला ‘सारम’ म्हणतात.

इथे फक्त कापड किंवा व्यापारी आले नव्हते, तर माणसं राहायला आली होती. डचांनी बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, जावा आणि इतर बेटांवरची माणसं सिलोनला आणली. काही सैनिक होते, काही बंड केलेले सरदार आणि राजघराण्यातले हद्दपार. सिंहली लोक त्यांना ‘जा’ म्हणू लागले, म्हणजे जावावाले. इंग्रजांनी पुढे त्यांचीच पलटण उभी केली. ती १८७३ मध्ये मोडली. गल्लीत शेजारी राहणारा माणूस जे नेसतो त्याला तो जे म्हणतो तेच आपणही म्हणू लागतो. दोदोलही तिथे याच शेजारातून पोचलं असावं.

त्याच बेटावर आणखी एक शब्द आहे: ‘कंबाय’. हेही कमरेला गुंडाळायचं कापड, आणि नाव आलंय गुजरातच्या खंबायतवरून. सिंहली माणसाच्या कपाटात एका घडीवर खंबायतचं नाव आणि दुसऱ्या घडीवर मलायाचं. बायकांच्या वस्त्राला मात्र ‘रेद्द’ हा घरचाच शब्द.

दुसरा अपवाद थायलंड आणि कंबोडियाचा. थाईत ‘सरोंग’ आणि ख्मेरमध्ये ‘सारोंग’ हे शब्द आहेत, आणि ते पुरुषांच्या चौकटीच्या शिवलेल्या वस्त्रालाच लावतात. तिथला जुना पोशाख आपल्या धोतरासारखा होता: लांब कापडाचं टोक पिळून दोन पायांमधून मागे नेऊन खोचायचं. थाई त्याला ‘चोंग क्राबेन’ म्हणतात. आपण काष्टा म्हटलं असतं. म्हणजे तिथल्या पुरुषांकडे कापड होतं, पण शिवलेली नळी नव्हती. नळी आली तेव्हा तिचं नावही आलं. त्या शिवणीकडे लक्ष ठेवा म्हटलं होतं ते यासाठी.

साहेबाच्या ओसरीवर

जावात स्थायिक झालेल्या डचांच्या घरी एकोणिसाव्या शतकात मोठी गंमत होती. बाहेर जाताना मडम कॉर्सेट, झालर, टोपी अशा जामानिम्यात, आणि घरी ओसरीवर सारोंग आणि वर पांढरा झिरझिरीत ‘केबाया’. उकाडा कुणाला चुकला आहे? या गिऱ्हाइकामुळे बाटिकचा एक वेगळाच बाजार उभा राहिला. जावाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या पेकालोंगानला एलिझा व्हान झाउलेनसारख्या युरोपीय वंशाच्या बायकांनी स्वतःचे बाटिकचे कारखाने काढले आणि सारोंगवर युरोपातल्या फुलांचे गुच्छ उतरवले. विसावं शतक सुरू होऊन युरोपातून नव्या नव्या बायका यायला लागल्या, तशी ही ओसरीवरची मोकळीक अडाणीपणाची ठरली आणि सारोंग घरातल्या नोकर-चाकरांपुरता उरला.

डच आणि इंग्रज दोघांनी शब्द ‘सारोंग’ असा लिहिला, सारुंग नाही. त्यात चूक कुणाचीच नाही. मलय शब्दाच्या शेवटच्या, व्यंजनाने संपणाऱ्या अक्षरातला ‘उ’ बोलताना ‘ओ’कडे झुकतो. मलयमध्ये लिहिताना ‘उ’ राहिला, आणि साहेबाने कानाने ऐकलं तसं लिहिलं. मराठीत आज सरॉंग, सारोंग, सरोंग असं तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं दिसतं. मी सारोंग लिहितो, कारण तो मूळ उच्चाराच्या सगळ्यात जवळ बसतो आणि डोक्यावर अर्धचंद्र चढवून तो विलायती आहे असं दाखवायची मला गरज वाटत नाही.

इंग्रजीत शब्द रुळला तो एकोणिसाव्या शतकात, पण तेव्हा तो प्रवासवर्णनातला शब्द होता. तो घरोघर पोचवला सिनेमाने. १९३६ मध्ये डोरोथी लामूर ही नटी मलायात घडणाऱ्या एका हॉलिवुडपटात सारोंगमध्ये दिसली. वेशभूषा एडिथ हेडची. लामूरला पुढे आयुष्यभर ‘सारोंगवाली’ हीच ओळख चिकटली. पण पडद्यावरचा तो सारोंग मलय घरात कुणी ओळखला नसता: अंगाबरोबर शिवलेला, खांदे उघडे टाकणारा, छातीपासून गुडघ्यापर्यंतचा झगा. नंतरच्या चित्रपटांत ती पॅसिफिकमधल्या बेटांवरची सुंदरी झाली, तरी वस्त्राचं नाव सारोंगच राहिलं. त्या बेटांवर तर सामोआत लावालावा, फिजीत सुलू, ताहितीत पारेओ असे ज्याचे त्याचे शब्द आहेत. शब्दाला हजारो मैल हलवलं, शिवण बदलली, आणि पुरुषाचंही असलेलं वस्त्र फक्त बाईचं करून टाकलं.

फ्रेंचांनी मात्र हा शब्द समुद्रकिनाऱ्यावर वापरला नाही. पोहण्याच्या कपड्यांवर गुंडाळायच्या कापडाला ते ‘पारेओ’ म्हणतात. स्पॅनिश आणि इटालियनमध्येही पारेओच. ताहिती फ्रान्सकडे, मलाया इंग्रजांकडे. कुणाच्या बायका वाळूवर काय गुंडाळून बसतात हेसुद्धा कुणी कुठली बेटं घेतली त्यावर ठरलं.

इंग्रजीत सारोंग बाईचाच ठरला होता, म्हणूनच १९९८ च्या जूनमध्ये, विश्वचषकाच्या तोंडावर, डेव्हिड बेकहॅम दक्षिण फ्रान्समध्ये सारोंग नेसून जेवायला बाहेर पडला तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांना उकळ्या फुटल्या. फुटबॉलपटू घागऱ्यात! तो सारोंग झाँ-पॉल गोतिए या फ्रेंच डिझायनरचा होता. त्याच संध्याकाळी जोहोरपासून जकार्तापर्यंत लाखो पुरुष सारुंग नेसून चहा पीत बसले असतील. त्यांना या बातमीत बातमी कुठे आहे हेच कळलं नसतं.

सिंगापूरमध्ये या शब्दाचे दोन टोकांचे अर्थ शेजारी शेजारी नांदतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या हवाई सुंदरींचा गणवेश म्हणजे पिएर बाल्मां या फ्रेंच डिझायनरने बेतलेला सारोंग-केबाया, देशाची शोभा. आणि गोऱ्या पुरुषांच्या मागे लागणाऱ्या स्थानिक मुलीला तिथल्या बोलीत टोमण्याने ‘सारोंग पार्टी गर्ल’ म्हणतात. त्या मुली सारोंग नेसतात असं नाही. शब्दाला कापडाची गरज संपली.

खुद्द इंडोनेशियात या शब्दाला टोमणाही चिकटतो आणि मानही. ‘काउम सारुंगान’, सारुंगवाली मंडळी, म्हणजे मदरशांत शिकणारे आणि तिथून आलेले परंपरावादी मुसलमान. शहरी माणसाने म्हटलं तर त्यात थोडा खवचटपणा असतो, त्या मंडळींनी स्वतः म्हटलं तर अभिमान. ३ मार्च २०१९ पासून तिथे राष्ट्रीय सारुंग दिन पाळतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उपराष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घ्यायला माअरूफ अमीन आले ते कोट, टोपी आणि खाली सारुंग अशा वेशात.

आणि लुंगी

आता परत आपल्या किनाऱ्यावर. मराठीत लुंगी हासुद्धा बाहेरून, फारसी-उर्दूच्या वाटेने आलेला शब्द, पण तो इतका मुरला की पाहुणा वाटत नाही. लुंगी म्हणजे आंघोळीनंतरची, दुपारच्या झोपेची, अंगणात नारळ सोलतानाची. ती पुरुषाची, घरातली, आणि पाहुणे आले की बदलायची.

मुंबईत तिला आणखी एक ओझं उचलावं लागलं. शिवसेना १९६६ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या सुरुवातीच्या वर्षांत दाक्षिणात्यांविरुद्ध ‘बजाव पुंगी, हटाव लुंगी’ ही घोषणा गाजली. घोषणेचं राजकारण इथे नको, शब्दापुरतं पाहू. ज्यांना उद्देशून ती होती ते तमिळ बाहेर जाताना पांढरी वेष्टी नेसत आणि मल्याळी पांढरा मुंडू. त्यांच्या लेखी लुंगी म्हणजे घरात घालायचं रंगीत, चौकटीचं कापड, आणि तिला लुंगी म्हणून ते स्वतःही कमीच लेखत. म्हणजे घोषणेने कापडही चुकीचं धरलं होतं. यमक मात्र जुळलं होतं. हॉलिवुडने पॅसिफिकच्या बेटांना सारोंग नेसवला आणि दादरने वेष्टीला लुंगी म्हटलं. दुसऱ्याच्या कमरेकडे लांबून पाहिलं की असंच होतं.

मग गोव्याच्या वाळूवर पर्यटक आले, त्यांच्याबरोबर बिकिनी आली, आणि बिकिनीवर गुंडाळायचं कापड आलं. ही वस्तू मराठीत नव्हती. कापड ओळखीचं होतं, पण हा प्रसंग आणि हे बाईने सगळ्यांदेखत नेसणं नवं होतं. लुंगी म्हणावं तर नाक मुरडलं जाणार, पंचा म्हणावं तर हसू येणार. जागा रिकामी होती. तिथे सारोंग येऊन बसला, आणि येताना शिवण सोडून आला. गोव्यात विकतात तो सारोंग सपाट कापडाचा असतो, मलय घरात त्याला कुणी सारुंग म्हणणार नाही.

कळंगुटच्या त्या बाईला हे सगळं नेमकं ठाऊक होतं, असं आता मला वाटतं. ती कापड विकत नव्हती, प्रसंग विकत होती. मामा उगीच घासाघीस करत बसले.

मामांचा सारोंग रत्नागिरीला आल्यावर दोन पावसाळे लुंगी म्हणून चालला. मग तो एका बाजूने विरला, रंग विटला. मामीने फाटका भाग कापून टाकला, उरलेल्याची दोन टोकं एकमेकांना शिवली आणि माजघरातल्या लोडाला त्याची खोळ घातली. इंडोनेशियात लोडाला ‘गुलिंग’ म्हणतात, आणि त्याच्या खोळीला ‘सारुंग गुलिंग’.